महिमा दिसला त्या रात्री

बाबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मी शाळेत होतो. आसगावच्या पलीकडच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती असं आमचं एकच घर. धान चुरण्याच्या, मळणीच्या दिवसांत बाबा खळ्यावर राखणीला झोपत. मी आणि काका सोबतीला. तणसीवर उताणे पडून बाबा वर बोट दाखवत.

"पाय, एवढं सारं त्यानं नुसत्या शब्दानं केलं. आन् तोच तुले नावानं ओळखते."

काका हसत, पण बराच वेळ वर पाहत राहत.

पुढे, ऐंशी साल उलटल्यावर, एका माघात बाबा काविळीनं गेले. संध्याकाळी काका आले ते दारातच थांबले.

"वहिनी, मसनात जागा देत नाही म्हणते गाव. देव बदलला, तं मातीबी बदला म्हणते."

आई म्हणाली, "मंग आपल्या धानाच्या बांधीत ठेवतो."

"बांधी सामायिक आहे. माह्या लेकरायले त्यात उतरा लागते."

आईनं त्यांच्याकडे पाठ फिरवली. मग मला म्हणाली, "बंडी जुंप."

ख्रिस्ती कब्रस्तान भंडाऱ्याला. पवनीपर्यंत बंडीनं न्यायचं आणि सकाळी तिथून ट्रक बघायचा, एवढंच सुचत होतं. मागे तणसीवर बाबा, त्यांच्या उशाशी आई. गावाबाहेर पडलो आणि माझी मान आपोआप वर गेली. आभाळ फुटून सांडल्यासारख्या चांदण्या. खळ्यावरून कधी दिसलं नव्हतं इतकं ते आभाळ सुंदर होतं. देव आहे, याबद्दल मला त्या घटकेला तिळमात्र शंका नव्हती. म्हणूनच संताप आला. एवढा मोठा पसारा मांडणाऱ्याला माझ्या बापासाठी पुरुषभर जागा काढता आली नाही?

"वर काय पाहून रायला?" आई मागून म्हणाली. "बैलाकडं पाय."

मी प्रार्थना करून पाहिली. पहिल्या शब्दापुढे गेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या पाळकांनी भंडाऱ्यात माती दिली. काका आले नाहीत. आई पुन्हा त्या गावात गेली नाही. भंडाऱ्यातच मिशनच्या दवाखान्यात झाडझूड करून तिनं दिवस काढले. काकांच्या मुलीच्या लग्नाचा निरोप आला तेव्हा निरोप्याला तिनं पोटभर जेवू घातलं आणि म्हणाली, "सांग, वहिनी मेली."

मी आजही रविवारी ख्रिस्ती देवळात जातो. आकाशातल्या त्याच्या वैभवाचं गाणं लागलं की सगळे उभे राहतात, मीही राहतो. त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. पण माझ्यानं तो गाववत नाही.