रविवारी पालटायची चाकं

बेव्हर्ली मेटकाफने अठ्ठावन्न वर्षांत चोरी म्हणून कधी केली नव्हती. बसचं तिकीट काढायचं राहिलं, तर दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला गाठून पैसे देणारी बाई ती. त्यातूनच तर तिला नवरा मिळाला. तो ड्रायव्हर म्हणजेच कीथ. अशी ही बेव्ह, दोन हजार वीस सालच्या एप्रिलात, दर रविवारी सकाळी दहाला मागच्या कुरणातून, दगडी भिंतीच्या आडोशाने वाकून वाकून आपल्या मालकीण थ्वेटबाईंच्या चीजखान्यात शिरायची. आणि चोरी कसली, तर तिथे जाऊन आपलं नेहमीचं काम करायची!

मार्चमध्ये साथ आली, सगळी हॉटेलं बंद झाली आणि आमच्या डोंगरातल्या चीजला आठवड्याभरात गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा सरकारने सांगितलं, माणसांना कामावरून काढू नका, घरी बसवा, पगाराचे ऐंशी टक्के आम्ही भरतो. अट एकच, घरी बसवलेल्याने मालकासाठी काडीचंही काम करायचं नाही. केलं, तर ती सरकारची फसवणूक.

"बेव्ह, सरकार घरी बसायचा पगार देतंय," कीथ म्हणाला. "अगं, जन्मभर मी ह्याच नोकरीच्या शोधात होतो!"

थ्वेटबाईंना मात्र हसू येत नव्हतं. चौऱ्याहत्तरीच्या बाई, घर चीजखान्याच्या अंगणापलीकडेच, फुप्फुसं आधीच अधू, त्यात दाराबाहेर पाऊल टाकू नका म्हणून सरकारचंच पत्र आलेलं. त्यांनी बेव्हला फोन केला.

"बेव्ह, नीट ऐक. डेअरीतल्या तुम्ही चौघी घरी बसल्यात, असं मी सही करून दिलंय. एकीचंही पाऊल आत पडलं आणि कुणी कळवलं, तर चौघींचा पगार बंद, दिलेला परत, वर दंड. मग ही डेअरी मला कुलूप लावून विकावी लागेल. कळलं?"

"आणि चाकं, बाई? चाकं कोण पालटणार?"

"पुतण्या येईल. तू नाही यायचंस."

आता, ज्याने चीज नुसतं खाल्लंय त्याला हे पालटणं कळायचं नाही. फडक्यात गुंडाळलेली जात्याच्या तळीएवढी चीजची दीडशे चाकं लाकडी फळ्यांवर मांडलेली असतात. दर आठवड्याला प्रत्येक चाक उलटं करावं लागतं, नाहीतर पाणी खाली उतरतं, बूड ओलं राहतं आणि कुजायला लागतं. थ्वेटांकडे पालटायचा वार रविवार. बेव्ह एकतीस वर्षं रविवारीच पालटत आली होती, लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा.

पुतण्या दोन रविवार आला आणि मग स्वतःच तापाने आडवा झाला. टपालवाल्या बाईने हे सांगितलं तेव्हा बेव्हच्या हातातला चहा गार झाला. वर्षभराचा माल, चौघींची पोटं त्या फळ्यांवर! मागच्या दाराची किल्ली तिच्याकडे होतीच.

"जाऊ नकोस," कीथ म्हणाला. "ती शेजारची पॅमेला दिवसभर दुर्बीण लावून बसलेली असते. म्हणे पक्षी बघते! परवा मी दिवसातून एकदाच्या ऐवजी दोनदा फिरायला गेलो तर पोलिसांना फोन केला भवानीने."

"रविवारी दहाला ती टीव्हीवर चर्चची प्रार्थना बघते. पडदे लावून."

"आणि देवानेच चहाडी केली तर?"

"कीथ, गप बस," बेव्ह म्हणाली, पण तिला हसू आलं नाही.

पहिल्या रविवारी ती मागच्या दाराने आत शिरली. आतला दिवा लावायचाही धीर झाला नाही. खिडकीच्या उजेडात तिने दीडशे चाकं पालटली आणि प्रत्येकाच्या एका अंगावर असलेले तारखेचे शिक्के वर करून ठेवले. बाहेर मेंढी जरी ओरडली तरी ती फळ्यांमागे दडायची.

दुसऱ्या रविवारी गेली, तर सगळे शिक्के खाली.

मीच विसरले असेन, तिने मनाची समजूत घातली आणि सगळी चाकं पुन्हा पालटून शिक्के वर केले. तिसऱ्या रविवारी पुन्हा खाली. आता मात्र तिची पाचावर धारण बसली. कुणीतरी येऊन जातंय! पगाराचे पैसे देणाऱ्या टॅक्सखात्याचा माणूस असेल, आपल्याला पकडायला खुणा करून ठेवत असेल. नाहीतर पॅमेला असेल, फोटो काढत असेल. आपल्यापायी थ्वेटबाईंची डेअरी जाणार, त्या तिघी पोरींची घरं बसणार. एकतीस वर्षं ज्या बाईंचं मीठ खाल्लं, त्यांच्याच गळ्याला आपण फास लावला. कीथला सांगावं तर तो काळजी करून छातीला हात लावणार. त्याचं हृदय डॉक्टरांनी एकदा उघडून शिवलेलं. तिने एका चाकाच्या वरच्या अंगाला खडूने फुली मारली आणि पळत घरी आली.

चौथ्या रविवारी फुली खाली होती. बेव्हने चाक उचललं आणि तिच्या बोटांना गिळगिळीत लागलं. फडकं ओलं, काळपट, वास मारणारं. शेजारचं उचललं, तेही तसंच. मग तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. कुणीतरी तिच्या मागोमाग येऊन, त्याच दिवशी, सगळी चाकं परत पालटत होतं. चार आठवडे दीडशेच्या दीडशे चाकं एकाच बुडावर बसून होती.

तरी तिने कामाला हात घातलाच. हळूहळू, प्रत्येकाचं बूड पुसून पुसून पालटत ती शेवटच्या फळीपर्यंत पोचली, तेवढ्यात अंगणाकडच्या दारात किल्ली फिरली.

बेव्ह फळ्यांमागे सरकली. दार उघडलं, आणि आधी ऐकू आला तो खोकला. कोरडा, खोल, थांबता थांबेना असा. त्या दिवसांत त्या खोकल्याला माणसं वाघापेक्षा जास्त भ्यायची. बेव्हने एप्रन नाकाशी धरला. पावलं फरपटत आली. कुणीतरी कण्हत एक चाक उचललं, पालटलं, खोकलं. दुसरं उचललं. ते कण्हणं बेव्हने ओळखलं. थ्वेटबाई! त्यांच्याच हाताखाली ती हे काम शिकली होती.

तिने हाक मारली नाही. हे मी तिच्या तोंडून ऐकलंय, म्हणून सांगतो. ती मनात म्हणत होती, जा बाई, जा ना, मला दिसू नका. मग धाडकन आवाज झाला, आणि एक चाक घरंगळत तिच्या पायाशी आलं.

थ्वेटबाई जमिनीवर होत्या, ओठ निळे पडलेले. बेव्हने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. एप्रन केव्हाच गळून पडला होता.

"बेव्ह? तूच होतीस होय?" बाई धापा टाकत म्हणाल्या. "मला वाटलं... माझं डोकं फिरलं. शिक्के... दर रविवारी उलटे."

"बोलू नका, बाई."

"पळ तू. जा. कुणी बघेल."

बेव्हने अँब्युलन्सला फोन केला. ती यायला वीस मिनिटं लागली. प्लॅस्टिकचे एप्रन घातलेली दोन माणसं आली. त्यांच्यातला पोरसवदा बाईंना ऑक्सिजन लावू लागला, दुसरा वही घेऊन बेव्हसमोर उभा राहिला. भिंतीपलीकडे पॅमेला आली होती, दुर्बीण गळ्यात.

"तुम्ही घरातल्या?"

"नाही."

"मग रस्त्याने जाताना आवाज ऐकून आत आलात, असंच ना? आत्ताच आला असाल तर घरी जाऊ शकता. आत जास्त वेळ असाल, तर मात्र घरच्यांपासून लांब राहावं लागेल."

इतकं सोपं होतं. नुसती मान हलवायची. स्ट्रेचरवर थ्वेटबाई डोळे वटारून, मास्कखालून मान हलवत होत्या, नाही, नाही म्हणून. बेव्हला घरी खिडकीशी वाट बघणारा कीथ दिसला, शिवलेल्या छातीचा.

"मी दहापासून इथे आहे," ती म्हणाली. "गेले चार रविवार येतेय. इथल्या एकूण एक चाकाला माझा हात लागलाय, आणि त्यांचाही."

माणसाने मान वर केली. "इथे करत काय होता तुम्ही?"

"काम," बेव्ह म्हणाली. "मी इथे कामाला आहे."

तो तेही लिहून घेऊ लागला.