सुरतेहून आलेली भुरी गाडी

एक्क्याण्णव-ब्याण्णवच्या सुमारास भडगावात कुणाला नवी कोरी गाडी घ्यायची झाली, तर तो गाड्यांच्या दुकानात जात नसे. आधी आधारकडे जात असे. आधार काही गाड्यांचा व्यापारी नव्हता. स्टँडसमोर त्याचा एस.टी.डी.चा बूथ होता, आत एक माणूस कसाबसा मावेल एवढा. पण तिथे बसून तो नाशिक, इंदूर, सुरत असे चारी दिशांना फोन लावायचा. कुठल्या दुकानात कुठली गाडी उभी आहे, कोण लवकर देतो आणि कोण नुसता झुलवतो, हे विचारून घ्यायचा आणि गिऱ्हाइकाला घरबसल्या गाडी आणून द्यायचा. धुळ्याचा नथ्थू ड्रायव्हर जाऊन गाडी घेऊन येई. गिऱ्हाईक गाडी पहिल्यांदा बघे ते थेट आपल्या दारात.

लोक हसायचे सुरुवातीला. लग्नाची मुलगी अशी न बघता कुणी करतं का, म्हणायचे. पण आधार फोनवरून कळलेली गाडी अशी काही सांगायचा, की ऐकणाऱ्याला ती समोर उभी दिसायची. सीटचं कापड कसलं, डॅशबोर्ड कसा, दार लावताना आवाज कसा येतो, हेसुद्धा. त्यासाठी तो सुरतेच्या माणसाला फोनजवळ गाडी आणून दार आपटायला लावायचा, असं गावात बोललं जाई. मला ते खोटं वाटत नाही. माणूसच तसला चिकट होता.

लहानपणी पोलिओने त्याचा डावा पाय गेला. दहावी झाला तरी कुणी कामाला ठेवीना. ठेवलं तर दया म्हणून, आणि दयेची भाकरी आधारला गिळवत नसे. तेव्हा चिंधा आबांनी त्याला हाताशी धरलं. आबा म्हणजे गिरणाकाठचे साधे शेतकरी, नात्याचे ना गोत्याचे. अपंगांना बूथ मिळतो एवढं त्यांनी कुठेतरी ऐकलं आणि त्याला घेऊन जळगावच्या टेलिफोन हापिसात गेले. साहेब म्हणाले, नंतर या. आबा म्हणाले, "मी बठस आठेच." आणि खरोखरच बसले, बाकड्यावर, शिदोरी सोडून. असे किती फेरे झाले ते आधारने मोजले नाहीत, पण बूथ मिळाला. त्यानंतर आबांनी त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही. आधारला याचं फार वाटायचं. उपकार करून माणूस काही मागतच नसेल, तर फेडायचं कसं?

आणि त्या वर्षी आबांनी मागितलं.

आबांचा मुलगा धनसिंग दीपनगरच्या वीजकेंद्रात नोकरीला होता. त्याने वडिलांसाठी फियाट घ्यायचं ठरवलं. आबांचे गुडघे गेले होते, ते घराबाहेर पडेनासे झाले होते. गाडी असली की निदान शेतावर जातील, असा त्याचा हिशेब. धनसिंगने विचारलं, रंग कोणता? आबा एवढंच म्हणाले, "भुरी जोयजे. मना भुऱ्यासारखी." भुऱ्या म्हणजे त्यांचा बैल, गव्हाळ मातकट रंगाचा. म्हातारा होऊन त्यांच्याच गोठ्यात मेला होता. मग त्यांनी आधारला बोलावून पुन्हा सांगितलं, "तू आनशी तर भुरीच येई, मी जानस."

धनसिंगने मात्र बजावलं, "आधार, आबांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलंय. गाडी त्यांच्या मनासारखी नसली, तर नथ्थू त्याच पावली परत घेऊन जाईल. मी दुसरीकडून बघीन."

आधारने त्या एका गाडीसाठी जेवढे फोन केले, तेवढे स्वतःच्या बहिणीच्या लग्नात केले नव्हते. नाशिकला नव्हती, इंदूरला पांढरी होती. शेवटी सुरतेचा एक शेठ भेटला. आधार मोडक्या हिंदीत त्याला रंग समजावत होता, थोडा मिट्टी जैसा, थोडा गेहूं जैसा, आणि वैतागून त्याच्या तोंडून आपला शब्द निघून गेला, "अरे भाई, भुरी!"

पलीकडून शेठ लगेच म्हणाला, "भूरी? भूरी छे ने! नवी ज आवी छे."

आधारला काय आनंद झाला! दोनशे मैलांवर, परक्या मुलखात, कुणीतरी त्याच्या आईच्या बोलीतला शब्द उच्चारला होता. त्या आनंदात त्याने पुढचं काही विचारलंच नाही. सीटचं कापड नाही, डॅशबोर्ड नाही. जो माणूस आपला शब्द बोलतो त्याला काय तपासायचं?

नथ्थू गाडी घेऊन नवापूर, धुळे, पारोळा करत दुपारी बूथसमोर येऊन थांबला. आधार कुबडी घेऊन बाहेर आला आणि जागच्या जागी खिळला. गाडी निळी होती. लख्ख निळी.

त्याने सुरतेला फोन लावला. शेठ चकित. "भूरी ज तो मोकली छे!" भुरीच तर पाठवली, म्हणाला. मग कुणीतरी मधे पडून हिंदीत उलगडलं, की गुजरातीत भूरो म्हणजे निळा. शेठचं काही चुकलं नव्हतं. आधारचंही नाही म्हणा, पण ते आबांना काय सांगणार? आधारने रिसीव्हर ठेवला. त्याला रडू यायला लागलं आणि त्याने ते येऊ दिलं. नथ्थूने तोंड वळवून उगाच काच पुसली.

तोवर धनसिंग आलाच. गाडीकडे बघून त्याचा चेहरा उतरला. चिडला नाही, तेच वाईट. "चल घरी," म्हणाला. "आबांना बघू दे. त्यांचा चेहरा पडला तर परत."

दारात आबांची बायको झुंबरबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिच्या खांद्यावर हात टाकून आबा सावकाश अंगणात आले. आबांनी बॉनेटवर हात ठेवला, गुरांच्या पाठीवर ठेवतात तसा, आणि हसले.

"भुरी शे," ते म्हणाले. "झकास शे रे आधार! एकदम मना भुऱ्या."

अंगणात सगळे गप्प. मग धनसिंगने मोठा श्वास सोडला आणि आधारच्या कानात पुटपुटला, "सांभाळून घेतलं बघ तुला." आधारलाही तसंच वाटलं. देवमाणूस, असं त्याच्या मनात आलं. झुंबरबाईने गाडीला ओवाळलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. पण आबा दाराशी गेले तेव्हा त्यांचा हात हँडल शोधत काचेवर, मग पत्र्यावर फिरत राहिला. हँडल समोरच होतं. धनसिंग नारळ फोडत होता, त्याने ते पाहिलं नाही. आधारने पाहिलं.

त्याने पुढे होऊन दार उघडलं. आबांनी त्याचं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, "मना तोंडमाईन भुरी निंघनं, अन् समदा चूप व्हयनात. तवयच समजनं माले. कोनता रंग शे, खरं सांग."

"निळी शे, आबा," आधार म्हणाला. "चुकनं मनं."

"ऱ्हाऊ दे. माले आते समदा रंग सारखाच." मग आवाज आणखी खाली आणून, "तुनी काकूले सांगू नको. पोऱ्यालेबी नको. ती रडी रडी जीव देई."

आधारने मान हलवली, आणि मान हलवून उपयोग नाही हे लक्षात येऊन "नही सांगत" असं म्हणाला.

पहिला फेरा शेताकडे. धनसिंगला घरी पाहुण्यांजवळ थांबावं लागलं. नथ्थू गाडी चालवत होता. आबांनी हट्टाने आधारला आपल्याजवळ, खिडकीकडेला पुढच्या सीटवर दाटीवाटीने बसवलं. इतक्या गाड्या आणल्या, पण नव्या गाडीत आधार त्या दिवशी पहिल्यांदाच बसला होता. झुंबरबाई मागे एकटी. गाडी स्टँडवरून पुढे गेली, आणि आधार कुणी न सांगता दिसेल ते सांगू लागला. उगाच गप्पा मारल्यासारखं, काकूला संशय येऊ नये म्हणून. केळीची ट्रक चालली शे बरं का आबा. पिंपळखाले म्हातारा बठेल शेतस. कपाशीले बोंडं लागनीत. आबा "हाव, हाव" करत होते, जणू बघतच आहेत. पूल आला. आधार खाली नदीकडे बघत राहिला, सांगायचं राहून गेलं.

मागून झुंबरबाई म्हणाली, "गिरणाले पानी शे, तेबी सांग ना त्यासले."

आबा मागे वळले, चुकीच्या बाजूला.

"तुले ठाऊक व्हतं?"

"मंग?" झुंबरबाई म्हणाली. "तुमना ताटमा भाजीनी वाटी रोज एकच जागावर कोन ठेवस?"

नथ्थूने पुलावर गाडी हळू केली.