डेल्मरचे कान

मोंटानातल्या त्या गावात गाडी कुरकुरायला लागली की लोक डेल्मर स्ट्राउडकडे जात. बॉनेट उघडायच्या आधी तो डोळे मिटून नुसता आवाज ऐकायचा आणि म्हणायचा, "डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय." चाळीस वर्षं त्याचं नाव होतं ते या कानांवर. साठी उलटल्यावर ते दगा द्यायला लागले. ऐकण्याचं यंत्र लावून पाहिलं, पण त्यात हातोडी काय नि हवेचा पंप काय, सगळं एकाच पत्र्यासारखं वाजायचं. त्याने ते काढून ठेवलं आणि कुणाला कळू दिलं नाही.

ऑक्टोबरमध्ये मार्लिस हाउगेन आपला पिकअप घेऊन आली. तिच्या भावाने उन्हाळ्यात मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून तो चांगला वीतभर उंच करून दिला होता.

"रिव्हर्स टाकला की मागून धाडकन वाजतं," ती म्हणाली. "गवताचे गठ्ठे भरले की जास्तच."

डेल्मरने चक्कर मारली. त्याला काहीच ऐकू आलं नाही. उंच केलेल्या गाडीत मागची चाकं फिरवणारा शाफ्ट तिरका बसतो आणि त्याच्या सांध्यातले क्रॉस झिजतात, हे त्याला ठाऊक होतं. "क्रॉस गेलेत," तो म्हणाला आणि त्याने ते बदलले.

तिसऱ्या दिवशी ती परत आली; आवाज तसाच होता. या वेळी ती त्याच्या शेजारी बसली. त्याने गाडी मागे घेतली, पुढे घेतली.

"गेला की आवाज," तो म्हणाला.

मार्लिस खिडकीबाहेर बघत हळूच काहीतरी बोलली. त्याने आपली मान डोलावली. मग तिने हात लांबवून इंजिन बंद केलं आणि त्याच्याकडे तोंड करून सावकाश म्हणाली, "मी विचारलं, तुमचं नाव काय. तुम्ही मान हलवलीत."

डेल्मरचे हात स्टीअरिंगवरच राहिले.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

डेल्मर खाली उतरला. "तू बस इथे. इंजिन चालू कर, ब्रेक दाबून धर आणि गिअर पुढे-मागे टाकत राहा."

मागच्या चाकापाशी उकिडवा बसून त्याने पाट्यावर तळहात ठेवला. गिअर पडला तसा अख्खा एक्सल ठोकळ्यावरून जरासा सरकला. हाताला ते लख्ख कळलं. पाटा आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचे नट ढिले झाले होते. गाडी उंच केल्यावर काही दिवसांनी ते पुन्हा आवळावे लागतात, ते कुणी केलं नव्हतं. पाट्याला ठोकळ्याशी जोडणारा मधला बोल्ट तुटला होता, आणि एक्सल घासून तिथलं लोखंड चकाकत होतं.

"भरल्या गाडीनिशी घाट उतरली असतीस तर एक्सल निसटला असता," तो म्हणाला. "ही खूण नुसती वाकून दिसते, मार्लिस. मी परवा वाकलोच नाही. ऐकू आल्याचं सोंग करण्यात बघायचंच राहिलं."

"सापडलं ना आता."

"तू परत आलीस म्हणून."

नवे बोल्ट घालून, दोनदा आवळून त्याने गाडी दिली. घरी जाऊन बायकोला, आर्डिसला, सगळं सांगितलं. तिने त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि बराच वेळ त्याचा हात धरून बसली.

मार्लिसने कुणाला सांगितलं नाही. पण बर्फ पडायच्या आत त्याने गॅरेज बंद केलं. कुणी कारण विचारलं तर तो स्वतःच सांगायचा, "ऐकू येत नाही." आणि समोरच्याच्या ओठांकडे बघत राहायचा.