फिलोमेनमावशी आणि सेनेगलची पोरं

फिलोमेन सांबूच्या मुलाला 'मेला' म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. 'नेला' म्हणायचं. कालवांची टोपली घेऊन जिबालेन झिगिंशोरच्या बाजाराला निघाला होता. वाटेतल्या नाक्यावर शिपायांनी त्याला गाडीतून उतरवलं, दक्षिणेला वेगळा देश मागणाऱ्या बंडखोरांना सामील आहेस म्हणाले, आणि संपलं. त्यानंतर ना निरोप, ना मुडदा.

आमच्याकडे माणूस मेला की त्याला अंगणात बसवतात आणि सगळं गाव त्याच्याभोवती नाचतं. त्याशिवाय तो सुटत नाही, घराच्या आसपास घुटमळत राहतो. गावचा लाकडी ढोल सांभाळणारा म्हातारा बेनुआ बासेन तिला हेच सांगायला यायचा.

"वहिनी, पोराचं करून टाकू या. किती ताटकळत ठेवशील त्याला?"

"कुणाभोवती नाचणार, भावोजी? माझ्या चुलीभोवती?"

बेनुआ टोपी डोक्यावर घालून निघून जायचा.

बरं, ती रडत-भेकत होती म्हणावं तर तेही नाही. भात शिजवायची, खायची, खाजणात जाऊन कालवं काढायची. आत मात्र काहीच हलत नव्हतं. मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो ना, तशी ती अख्खी बाई बधिर झाली होती. पोर सुटावं असं तिला वाटायचं, पण अंगणात बसवायला पोर तर हवं. तिथेच सगळं अडलं होतं.

त्या वर्षी फुटबॉलचा वर्ल्ड कप आला. पहिलाच सामना सेनेगल आणि फ्रान्सचा. आता आमचं गाव सेनेगलातच, पण दक्षिणेच्या टोकाला; आमची माणसं राजधानीला, डाकारला निघाली तरी 'सेनेगलला चाललोय' म्हणतात, जणू आम्ही वेगळ्याच देशात राहतो. तरीपण मास्तरांनी मोटारीच्या बॅटरीवर टीव्ही जोडला, झाडाखाली आणून मांडला आणि झाडून सगळं गाव तिथे गोळा झालं. शेजारची ओदिल तिला बोलवायला आली.

"चल की गं! घरात बसून काय अंडी उबवायचीयत?"

"सेनेगल काय नि फ्रान्स काय, माझे कोण लागतात? तू जा. भरती यायच्या आत मला कालवं काढायचीयत."

ती खाजणात गेली. गुडघाभर चिखलात उभी राहून खारफुटीच्या मुळांवरची कालवं कापत होती, आणि गावातून ढोल ऐकू आला. मयताचा ठेका. तो ठेका आमच्यात तान्ह्या पोरालाही कळतो. गावात त्या दिवशी कुणी आजारीसुद्धा नव्हतं. मग एकच उरतं. जिबालेन सापडला.

टोपली तिथेच टाकून ती निघाली. छातीत धडधडलं नाही की डोळ्यांत पाणी आलं नाही. अंगण झाडलेलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात आलं.

झाडाखाली येऊन बघते तर सगळे उड्या मारतायत! तिने ओदिलचा दंड धरला. "कोण गेलं?"

"फ्रान्स गेलं गं बाई, फ्रान्स! आपला गोल झाला!"

तिकडे बेनुआ ढोल बडवणाऱ्या पोरांच्या अंगावर धावून गेला होता. "गाढवांनो! आनंदाच्या वेळी मयताचा ठेका धरता?"

"काका, दुसरा येतो कुणाला?" त्यांच्यातला एक जण म्हणाला. "कळायला लागल्यापासून आम्ही हाच ऐकलाय."

बेनुआचा वर उगारलेला हात तसाच खाली आला. लढाईच्या इतक्या वर्षांत त्याने तरी दुसरं काय वाजवलं होतं?

फिलोमेनमावशीच्या पायांवरचा ओला चिखल बघून ओदिलच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं माझे आई... तुला वाटलं..." तिने स्वतःचं स्टूल पुढे सरकवलं. फिलोमेन बसली.

टीव्हीवर तोच गोल पुन्हा दाखवत होते. एक उंच पोरगा मैदानाच्या कोपऱ्याकडे पळाला, अंगातला सदरा काढून त्याने गवतावर ठेवला, आणि सगळे त्या सदऱ्याभोवती नाचायला लागले. आत कुणी नाही. नुसता सदरा.

फिलोमेन पुढे झुकली. "कुठली गं ही पोरं?"

"त्यातला एक झिगिंशोरात जन्मला म्हणे. बाकीचे सगळीकडचे."

मग ती उठलीच नाही. फ्रान्सचा चेंडू आडव्या खांबावर आपटला तेव्हा तिने ओदिलची मांडी गच्च दाबली. कुणीतरी त्या उंच पोराला पाडलं, तशी ती ओरडली, "अरे मेल्या, आमच्या पोराला ढकलतोस?"

"आमच्या?" ओदिलने डोळे मिचकावले. "आता कोण लागतात ते तुझे?"

फिलोमेनची नजर टीव्हीत फडकणाऱ्या सेनेगलच्या झेंड्यावर गेली. त्या नाक्यावर हाच झेंडा होता. झेंड्याखालच्या शिपायांनीच तिचा पोरगा उतरवून घेतला होता. तिला स्वतःची शरम वाटली. पण छाती भरून आली होती ती काही खाली बसेना. ती पोरं तिला आपली वाटत होती, त्यांचा अभिमान वाटत होता, आणि इतक्या काळानंतर काहीतरी वाटतंय याचीच तिला धास्ती बसली.

शिट्टी वाजली. सेनेगल जिंकलं. गावात नुसता धुमाकूळ. त्या गोंधळातून वाट काढत ती बेनुआपाशी गेली.

"भावोजी, नुसता सदरा ठेवून नाचलं तर पोचतं का?"

बेनुआला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने नाक पुसलं. "माझ्या बापाने असं कधी केलं नाही, वहिनी." मग टीव्हीकडे बघून म्हणाला, "पण नाचणारे घरचे असले, तर का नाही पोचणार?"

ती घरी गेली आणि जिबालेनचा निळा सदरा घेऊन आली. झाडाखालच्या मातीत तो अंथरला, बाह्या सरळ केल्या, कॉलर नीट केली. तोंडाला झेंड्याचे हिरवे, पिवळे, लाल पट्टे ओढलेली पोरं नाचता नाचता थबकली. एकाने घाईघाईने तोंड पुसायला घेतलं.

"पुसू नका रे," फिलोमेन म्हणाली. "आणि तोंडं पाडू नका. मघाशी नाचत होतात ना, तसंच नाचा. तोही तुमच्यातच असता."

बेनुआने काठ्या हातात घेतल्या आणि पोरं नाचायला लागली.