फोडणीच्या वासावर निघालेली मिरवणूक

नंदुरबारच्या फलाटावर उतरलो तेव्हा माझ्या खिशात शिट्टी होती आणि पिशवीत रॉकेलचा स्टो. शिट्टी अशासाठी की शहाद्याकडच्या कळसाडी गावी हुतूतूच्या सामन्याला पंच म्हणून मला बोलावलं होतं. स्टो अशासाठी की माझं पोट नाजूक आहे, आणि हिंग-जिऱ्याच्या फोडणीचं वरण मिळाल्याशिवाय मला जेवल्यासारखं वाटत नाही. "तिथले लोक काय उपाशी ठेवणार आहेत?" असं पुण्याहून निघताना बायको म्हणाली होती. मी नेहमीप्रमाणे ऐकलं नाही.

महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा अजून अवकाश होता आणि हा मुलूख पश्चिम खानदेशात मोडत असे. धुळीने माखलेल्या मोटारीतून तापीपर्यंत आलो. पुढे नाव. नावेत कापसाचे व्यापारी, दोन म्हाताऱ्या, एक बकरी आणि हुतूतूचे दहाबारा शौकीन होते. सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं: रतन.

हा रतन म्हणजे कळसाडीचा चढाईला जाणारा गडी. लागोपाठ दोन वर्षं शेवटच्या चढाईत लोणखेड्याच्या गड्यांनी त्याला धरलं होतं आणि कळसाडी हरली होती. यंदा डाग धुऊन काढायचाच म्हणून तो वर्षभर पहाटे उठून तापीच्या वाळूत पळत होता. आणि नेमक्या सामन्याच्या तोंडावर त्याच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला होता.

"रतनले माता निंघनी (रतनला कांजिण्या झाल्या)," एक जण म्हणाला.

"मंग चांगलंच शे! त्याले धरी कोन? एकटाच नऊ जनसले मारी येई!"

"आम्ही धरूत नही," लोणखेड्याचा एक जण म्हणाला, "आम्ही त्याना पाया पडसूत."

नाव हलेपर्यंत हशा झाला. मग मंडळी माझ्याकडे वळली. "पंचसाहेब, तुम्ही त्याले हात लावशात का?" मी नियमांचं पुस्तक कोळून प्यायलेला माणूस, पण माता आलेल्या गड्याचं काय करायचं हे त्यात कुठेच नव्हतं.

कळसाडीला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. एका अंगाला केळीच्या बागा, दुसऱ्या अंगाला ऊस, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रांग. गाव बघता क्षणी आवडलं. शाळेचे गुरुजी माझे यजमान. त्यांचं घर रतनच्या घराला लागूनच होतं. गुरुजींनी सांगितलं ते असं: रतनच्या घरात माता आहे हे डहाळ्यावरून कळत होतं, पण कुणाच्या अंगावर आहे ते कुणी विचारत नाही आणि घरचे सांगत नाहीत. विचारलं तर देवीचा अपमान होतो. म्हणून मग गावभर नुसते तर्क. कुणी म्हणे रतनची आई, कुणी म्हणे खुद्द रतन. एकाने तर पैजेवर सांगितलं की रतनला काहीच झालेलं नाही, लोणखेड्याला गाफील ठेवायला त्यानेच डहाळा लावलाय.

जेवायला ज्वारीची भाकरी, दही, केळी आणि नुसतं शिजवलेलं वरण आलं. वहिनींनी फार प्रेमाने वाढलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याच्याने राहवेना. गुरुजी शाळेत आणि वहिनी विहिरीवर गेल्या तशी मी खोलीचं दार लोटलं, स्टो पेटवला, कालचं वरण गरम केलं आणि वरून तुपाची खमंग फोडणी ओतली. चर्र आवाज झाला. मी तृप्त होऊन जेवलो.

हात धुतो न धुतो तोच गल्लीत ढोल! खिडकीतून पाहतो तर पन्नासेक माणसं नाचत येत होती. पुढच्याच्या हातात झेंडूचा हार. "फोडनीना वास ऊना (फोडणीचा वास आला)! माता गयी! रतन बरा शे!"

गुरुजी धावत घरात आले, स्टोकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारून घेतला. माता असते त्या घरात तर नाहीच, पण अख्ख्या गल्लीत कुणी फोडणी देत नाही. चरचरीने देवीचा दाह वाढतो म्हणतात. देवीचं न्हाणं होऊन ती गेली की मगच पहिली फोडणी पडते. गावचे शौकीन चार दिवस त्या एका वासासाठी गल्लीच्या तोंडाशी नाक वर करून बसले होते, आणि तो वास मी त्यांना दिला होता.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तरी बाहेर आलो. रतन ओट्यावर उभा होता. काळासावळा, रुंद खांद्याचा, अंगावर एक फोड नाही. त्याला धडधाकट बघून लोकांनी आणखीच जल्लोष केला. त्याने दोन्ही हात वर केले आणि जे सांगायचं नसतं तेच सांगितलं.

"आठेच थांबा, भाऊ! मन्ही पुतनीले माता शे. मी बरा शे, पन मी येवाव नही (मी येणार नाही)."

ढोल बंद पडला. मी फोडणीची कबुली दिली. कुणी रागावलं नाही. उलट एक म्हातारा म्हणाला, "फोडनी मातर चांगली व्हती," आणि सगळे हसले. रतन तेवढा हसला नाही. मी म्हटलं, "लहानपणी तुम्हाला येऊन गेली असेल, तर तुम्हाला पुन्हा नाही व्हायची. मी पंच आहे, मी परवानगी देतो."

"माले व्हवाव नही, साहेब," तो म्हणाला. "पन मैदानवर मी नऊ जनसले भिडस. त्यासना घरमा ल्हाना पोऱ्या शेतस (त्यांच्या घरात लहान मुलं आहेत)." एवढं बोलून त्याने ओट्यावरून न दिसणाऱ्या मैदानाच्या दिशेने पाहिलं आणि मान खाली घातली. वीस वर्षं मी लोकांना नियम शिकवले. त्या क्षणी मी यादी काढून त्याचं नाव तेवढं खोडलं.

दुपारी लोणखेड्याचा संघ बैलगाड्यांतून आला. त्यांचा कप्तान भिकन, त्यांचा सगळ्यात तेज गडी. गेल्या दोन वर्षांत रतनला शेवटी धरणारा हाच. हकीकत ऐकून त्याने मिशी चोळली. मग माझ्याकडे येऊन म्हणाला, "त्यासना एक घरमा, तर आमना एक बाहेर. मन्हं नाव खोडा."

त्याच्या गड्यांनी गलका केला. भिकनने ऐकलं नाही. तो सरळ गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला, जिथून मैदान दिसत होतं आणि रतनचा ओटाही. आणि मी शिट्टी वाजवल्यापासून त्याने प्रत्येक चढाई रतनला ओरडून सांगायला सुरुवात केली. कोण मेला, कोण धरला, कोणाचा दम तुटला. स्वतःचा गडी बाद झाला तरी त्याच आवाजात. ओट्यावरून रतन ओरडायचा, "डावा कोपरा सांभाळा!" आणि भिकन ते इमानाने कळसाडीच्या पोरांना पोचवायचा!

शेवटची चढाई लोणखेड्याची होती. गुण बरोबरीचे. कळसाडीच्या चार जणांनी रेषेच्या हातभर अलीकडे गडी दाबला. माझी शिट्टी वाजली. मैदानात धुरळा उडाला, पण गल्लीच्या तोंडाशी भिकन गप्प उभा होता. आपणच आपल्या गावाला हरवलं हे त्याला तेव्हा लख्ख कळलं असावं. मग त्याने तोंडाभोवती हात धरले.

"रतन! तुम्ही जिंकनात रे!"

"तू बाहेर बठना म्हनीसन (तू बाहेर बसलास म्हणून)!" ओट्यावरून उत्तर आलं. आतून एका लहान मुलीने टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळच्या मोटारीने मी निघालो. वाटभर दोन्ही बाजूंना कापूस फुटला होता. मी मुलूख बघायला आणि शिट्टी वाजवायला आलो होतो. जाताना मन इतकं आनंदलेलं आणि इतकं ओशाळलेलं का होतं, ते मलाच सांगता येईना.

पुण्याला पोचल्यावर मंडळातल्या मित्रांनी विचारलं, "काय हो, खानदेशात दमदार खेळाडू आहेत की नाही?"

"दोन पाहिले. असे मी आजवर पाहिले नव्हते."

"खेळतात कसे?"

"ते काही बघायला मिळालं नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी दोघंही खेळले नाहीत."