पाटीवरची टोपी

माडमास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, आणि रविवारी सकाळी वनस्पती उद्यानात लोकांना पाम ओळखायला शिकवायचे, तेही फुकट. फुकटचं शिकायला येणारे पुष्कळ, टिकणारे थोडे. पण मास्तरांकडे आलेली माणसं टिकायची, कारण मास्तरांचा एक नियम होता: आधी झाड, मग पाटी. झाडाजवळ पोचलं की ते डोक्यावरची टोपी काढून नावाच्या पाटीवर ठेवत. मग खोडावर हात फिरवायचा, मान वर करायची, पान पिसासारखं आहे की पंख्यासारखं ते बघायचं आणि नाव सांगून मोकळं व्हायचं. त्यानंतर मंडळींपैकी कुणीतरी टोपी उचलून पाटी वाचायची आणि ‘बरोबर’ म्हणायचं. मास्तर स्वतः पाटीकडे ढुंकूनही बघत नसत. तोरा तर तोच होता त्यांचा!

त्यांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या काकू, चहाचा थर्मास घेऊन मागून चालायच्या. खरं सांगायचं तर त्यांना पामचा मनापासून कंटाळा होता. धड सावली नाही, बसायला फांदी नाही, नुसती उंचीच उंची. पण इतके रविवार कानावर पडल्यावर भिंतीलासुद्धा पाठ झालं असतं. माड, ताड, शिंदी, सुपारी, काकूंना सगळं ओळखता यायचं. मास्तरांनी कधी विचारलं नाही आणि काकूंनी आपणहून सांगितलं नाही.

मास्तर पहिल्यांदा चुकले तेव्हा टोपी उचलायची पाळी नेमकी काकूंवर आली होती. समोर भेर्ली माड. त्याचं पान माशाच्या शेपटीसारखं, शेंबड्या पोरानेही सांगावं असं. मास्तरांनी खोड चाचपलं, वर पाहिलं आणि म्हणाले, सुपारी. काकूंनी टोपी उचलली. मंडळी एकमेकांकडे बघू लागली. मास्तर मात्र नेहमीसारखे कमरेवर हात ठेवून उभे, चेहऱ्यावर शंकेचा लवलेश नाही. काकूंनी टोपी परत पाटीवर ठेवली. त्या म्हणाल्या, ‘बरोबर.’

घरी आल्यावर त्यांनी एकेकाला फोन केले. म्हातारा माणूस आहे, हीच एक हौस उरलीय, चारचौघांत चूक काढू नका, मन राखा. सगळ्यांनी मोठ्या प्रेमाने कबूल केलं. चांगुलपणा करायला कुणाचं काय जातं!

झालं, तेव्हापासून मास्तर कधी चुकलेच नाहीत. शिंदीला माड म्हणाले तरी बरोबर. फाटकाच्या खांबाला धडकले तर खांबच मध्ये आलेला असायचा. ग्लासाशेजारी पाणी ओतलं तर ग्लास कुणीतरी सरकवलेला असायचा. काकू धास्तावल्या. डोळे एकदा दाखवून घेऊ, म्हणून मागे लागल्या. पण मास्तरांचं उत्तर तयार.

‘अगं, एकदा तरी चुकलोय का मी? विचार मंडळींना. डोळे बिघडले असते तर पाम ओळखले असते?’

काकूंची मात्र पंचाईत. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. एक खोटं कबूल करायचं तर सगळीच करावी लागणार. म्हणून त्या विषय सोडून द्यायच्या, पुढच्या आठवड्यात पुन्हा विषय काढायच्या आणि पुन्हा तेच ऐकायच्या. एक उन्हाळा असाच गेला, दुसरा आला.

मग एका रविवारी शिवणकाम करणाऱ्या एक बाई नव्याने आल्या. त्यांना कुणी फोन केला नव्हता; सगळ्यांना वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल. मास्तर एका गुळगुळीत राखाडी खोडापाशी थांबले, टोपी ठेवली आणि म्हणाले, ताड. बाईंनी भाबडेपणाने विचारलं की ताडाचं पान पंख्यासारखं असतं असं मगाशी तुम्हीच म्हणालात, ही तर पिसं आहेत. आणि टोपी उचलून पाटी मोठ्याने वाचली, रॉयल पाम.

मास्तरांना हसू आलं. पाटी चुकली असेल, ते म्हणाले. कुणीच हसलं नाही, कुणी दुजोराही दिला नाही. त्या शांततेत मास्तरांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी मंडळींतल्या एका निवृत्त पोस्टमनला विचारलं, मागच्या रविवारी सगळं बरोबर होतं ना? तो बुटांकडे बघत राहिला.

‘तुला माहीत होतं?’ त्यांनी काकूंना विचारलं.

काकू त्यांच्या अगदी शेजारी उभ्या होत्या. त्यांनी मान हलवली. मास्तर वाट बघत राहिले. शेजारी हललेली मान त्यांना दिसतच नव्हती, आणि काकूंना ते तोंडाने म्हणावं लागलं. ‘हो.’

दुसऱ्या दिवशी मास्तर आपणहून डोळ्यांच्या दवाखान्यात जायला निघाले; काकूही बरोबर गेल्या. डॉक्टरीणबाईंनी एकेक डोळा झाकून बारीक दिवे दाखवले, दिसला की बटण दाबा म्हणाल्या. मास्तरांनी बटण फार थोड्या वेळा दाबलं. काचबिंदू, त्या म्हणाल्या. यात नजर कडेने झिजत येते, दुखत नाही, खुपत नाही. थेंब घालून उरलेली सांभाळू, पण गेलेली परत येत नाही. वेळेवर आला असतात तर बरीच वाचली असती.

मग चिठ्ठी लिहिता लिहिता त्यांनी सहज विचारलं, ‘घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?’

काकूंनी पदर घट्ट धरला. वाटलं, आता हे ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

‘आलं होतं की,’ मास्तर म्हणाले. ‘पण हिला माझी दया आली.’

 डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी पुढे केली. काकूंनी हात पुढे केला, पण मास्तरांनी टेबलावर चाचपत ती स्वतःच शोधून घेतली, आणि थेंब कधी घालायचे ते पुन्हा एकदा, सावकाश, मला सांगा म्हणाले.