झेंडू खाणारा कॉम्प्युटर

आमच्या घरात ताप येतो तो फक्त कॉम्प्युटरला. माणसांना यायची हिंमत नाही, कारण घरात नीलिमा आहे. (नीलिमा म्हणजे माझी बायको.)

मुलगी शाळेत असताना घेतलेला हा डबा, आता मुलीला मूल झालं तरी चालू आहे. त्याचं श्रेय मी माझ्या पूजेला देत असे. दर खंडेनवमीला त्याला हळदकुंकू, आणि वरच्या जाळीवर अक्षता न् झेंडूच्या पाकळ्या! दुसऱ्या दिवशी जाळी स्वच्छ! "बघा, यंत्र पूजा स्वीकारतं!" असं मी अख्ख्या सोसायटीला सांगितलं होतं.

याच डब्यात सासूबाईंची हळदीची गाणी होती. नीलिमाने त्यांच्याकडून एकेक गाऊन घेतली होती. दुसरी प्रत नाही. सासूबाईंचा आवाज आता बसलाय, त्यामुळे पुन्हा गाऊन घेण्याचीही सोय नाही. आणि नामपूरला भाचीच्या हळदीला तीच गाणी लावायची ठरली होती.

"मी द्वारका चौकातल्या बसस्टॉपवरून आईला घेऊन येते," नीलिमा चपला घालत म्हणाली. "तोवर गाणी पेनड्राइव्हमध्ये घाला."

"आत्ता घालतो!"

"आणि मध्येच बंद पडला तर?"

"अगं, मी आहे ना!"

"म्हणूनच विचारलं."

ती गेली. मी कॉपीचं बटण दाबलं. मुलीने स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसायची सोय करून दिली होती. सत्तर. ऐंशी. नव्वद! आतला पंखा दळण दळल्यासारखा घरघरायला लागला. पंच्याण्णव! आणि खट्! स्क्रीन काळी.

गाणी गेली असतील तर? नीलिमाला काय सांगू? लग्नाच्या खरेदीला नामपूरहून एवढ्या लांब आलेल्या म्हातारीला काय तोंड दाखवू?

घाबरलेला माणूस काय करेल याचा नेम नसतो. मी स्वयंपाकघरातून मिठाच्या पाण्याची पट्टी आणली! पिळून डब्यावर ठेवणार, इतक्यात शॉकची आठवण झाली. पट्टी फेकली ती थेट देव्हाऱ्यात. मग टेबलफॅन आणून डब्यासमोर लावला, पायात रबरी चपला घातल्या, "देवा, एकदाच!" म्हटलं आणि एका बोटाने बटण दाबलं. सुरू झाला! पुन्हा कॉपी. पुन्हा नव्वद. पुन्हा खट्! या वेळी थोडा जळका वासही आला. मला दरदरून घाम फुटला आणि टेबलफॅन मी स्वतःकडे वळवला.

त्याच क्षणी बेल वाजली.

सासूबाई आत आल्या. मी रबरी चपला घालून घामाघूम, देवांच्या अंगावर ओली पट्टी. त्यांनी सगळं नीट न्याहाळलं.

"हाई काय शे, जवाई?"

"काही नाही! थोडं तापलंय!"

"गाणी?" नीलिमाने विचारलं.

मी टेबलफॅन पुन्हा डब्याकडे वळवला. तिने प्लग काढला, स्क्रू फिरवले आणि बाजूचा पत्रा उघडला.

आत माझी भक्ती साठली होती! वाळलेल्या पाकळ्या, कुंकू आणि धूळ यांचा थर पंख्याखाली घट्ट बसलेला. अक्षता तर पात्यांच्या मुळाशी अडकल्या होत्या. हवा जायला फट म्हणून नव्हती. यंत्र पूजा स्वीकारत नव्हतं, बिचारं गिळत होतं!

"अहो, तुम्ही याला झेंडू चारत होतात?" नीलिमा किंचाळली.

सासूबाई वाकून बघत म्हणाल्या, "मशीन शे का बकरी?"

नीलिमाने तिचा पावडरचा ब्रश आणला. पंखा धरून पाती साफ केली, फटींतली घाण उकरली. कचरा ताटलीभर निघाला. डबा सुरू केला तेव्हा मी डोळे मिटूनच घेतले होते.

"उघडा आता! पन्नासच्या पुढे जात नाहीये."

सगळी गाणी शाबूत होती. पहिलं लागलं तेव्हा सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मला खरोखर भरून आलं.

पण आमच्याकडे हळदीच्या गाण्यांत जावयाला सोडत नाहीत. नामपूरला हळद लागताना सासूबाई त्या बसक्या आवाजात उठल्या आणि यंत्राला झेंडू चारणाऱ्या जावयावर नवंकोरं गाणं म्हटलं. मांडवातल्या सगळ्या बायकांनी ते उचलून धरलं. नीलिमाने अर्थातच रेकॉर्ड केलं.

परत आल्यावर तिने हुकूम सोडला, "आईचं हे शेवटचं गाणं असेल. जपून ठेवा."

तेव्हापासून डब्यात एक, पेनड्राइव्हमध्ये एक आणि मुलीकडे एक अशा त्या गाण्याच्या प्रती मी स्वतःच्या हाताने करून ठेवल्या आहेत. माझी बदनामी उडून जाईल, या भीतीने डब्याचा पंखाही मीच दर महिन्याला पुसतो!